गप्प, बसलेत

मी कारखान्याच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढला तेव्हा सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ पक्की आठवते, कारण ओढण्याआधी मी घड्याळ बघितलं होतं. साडेपाचला ध्यानाला बसलो होतो, साडेसहापर्यंत बसायचं होतं, आणि भिंतीपलीकडचे अण्णाचे आठ माग चाळीस मिनिटं माझ्या डोक्यात खडखडत होते.

दांडा खाली आला आणि एकेक माग गप्प झाला. इचलकरंजीत आमच्या गल्लीत अशी शांतता फक्त लाइट गेल्यावर मिळते. मी जिना चढून वर आलो, आसनावर बसलो, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, पाच महिन्यांत जे मन एकदाही लागलं नव्हतं, ते त्या दिवशी लागलं. श्वास येताना कळत होता, जाताना कळत होता. वाटलं, एवढंच तर पाहिजे होतं, आणि एवढ्यासाठी सख्ख्या भावानं मला तीनदा नाही म्हणावं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि गल्लीत मला गजानन हावळ म्हणून कमी आणि भडका म्हणून जास्त लोक ओळखत होते. राग माझ्या नाकावर नव्हता, हातात होता. त्या सकाळच्या सहा महिने आधी कापडात खोट निघाली म्हणून मी एका कामगारावर धोटा फेकून मारला होता. धोटा म्हणजे मागात इकडून तिकडे पळणारा लाकडी ठोकळा, पोटात सुताची कांडी आणि दोन्ही टोकांना लोखंड. कामगारानं डोकं खाली घातलं. मागून माझी मुलगी रेवती चहाची किटली घेऊन येत होती. तिच्या कानाच्या वर पाच टाके पडले.

दवाखान्यातून येताना रिक्षात पद्मा, माझी बायको, एवढंच म्हणाली, "परत हात उचललात, परत काही फेकलंत, तर मी पोरीला घेऊन रबकवीला जाणार. माहेरचं दार उघडं हाय मला. मग न्यायला येऊ नका." ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. ती ओरडली नाही, त्यामुळे मी घाबरलो.

म्हणून मी दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला गेलो. निघताना तिथले गुरुजी म्हणाले, "इथं जमलं त्याला काही किंमत नाही. रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. खाडा करू नका." खाडा म्हणजे काय हे कारखानदाराला कुणी शिकवायला नको. मी मनाशी गाठ बांधली की काहीही होवो, खाडा होणार नाही, आणि पाच महिने तो एक दिवसही झाला नाही.

घरानंही साथ दिली, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. माझ्या तासात कुकर लागत नसे, मिक्सर फिरत नसे. फोन उशीखाली जाई. रेवतीचं दहावीचं वर्ष होतं, ती मोठ्यानं वाचून पाठ करणारी पोर, तीही ओठ मिटून वाचू लागली. दूधवाल्यानं हाक मारली की पद्मा दारात जाऊन कुजबुजायची, "गप्प, बसलेत." माझे स्वतःचे आठ माग मी तेवढा वेळ बंद ठेवायचो. कामगार कुरकुरले, पण माझ्यापुढं कोण बोलणार.

एक दिवस ध्यानात डोळे किलकिले करून बघितलं तर स्वयंपाकघरात मायलेकी खुणांनी बोलत होत्या. मागांच्या आवाजात माणसाचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात आमच्या खुणा ठरलेल्या असतात. दोन बोटं पिरगाळली की धागा तुटला, मूठ तोंडाशी नेली की चहा, मिशीवरून बोट फिरवलं की मालक आला. रेवतीनं वरच्या ओठावरून, मिशीच्या जागी, बोट फिरवलं, हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं आणि डाळीचा डबा मागितला. पद्मानं तो आवाज न करता खाली ठेवला. मला बरं वाटलं. म्हटलं, घराला वळण लागलं.

राहता राहिला अण्णा. माझा थोरला भाऊ विरूपाक्ष, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर कारखान्याच्या मधोमध भिंत घातली, आठ माग त्याचे, आठ माझे. मेन मात्र एकच राहिला, आणि तो माझ्या बाजूला. मी अण्णाला आधी गोडीत विचारलं, सकाळचा एक तास तुझेही माग थांबव. तो हसला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा हसला नाही. तिसऱ्यांदा म्हणाला, "आपला बाप ह्या आवाजात जेवला, झोपला आणि ह्याच आवाजात मेला. तुझं ध्यान त्याच्यापेक्षा मोठं लागून गेलं काय?"

त्या दिवशी चौथ्यांदा विचारायला मी गेलो नाही. जिना उतरलो आणि दांडा ओढला.

जिन्यात पावलं वाजली तेव्हा माझी पंधरा मिनिटं उरली असतील. अण्णाची चाल मला ओळखू येते. तो दारात थांबला. पद्मा सवयीनं बोलून गेली, "बसलेत."

"बसलाय?" अण्णाचा आवाज ऐकू आला. "रस्त्यावरचा दिवा चालू, समोरच्याचे माग चालू, आणि मी खुळ्यागत लाइट कधी येतीया म्हणून बघत उभारलोय. मेन कुणी वडला?"

मी डोळे उघडले नाहीत. चेहराही हलू दिला नाही. शांतपणे म्हणालो, "अण्णा, माझी अजून पंधरा मिनिटं आहेत."

हे वाक्य आज आठवलं तरी माझी मलाच एक ठेवून द्यावीशी वाटते. अण्णा पुढं आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. साठीला टेकलेला, गुडघे दुखणारा माणूस, मांडी घालून बसला. म्हणाला, "बस. संपव तुझं. मी पण बसतो."

त्याचा श्वास मला ऐकू येत होता. दमेकऱ्याचा श्वास, रागानं आणखी जड झालेला. मी पूर्ण पंधरा मिनिटं बसलो. एक मिनिट कमी केलं नाही. मग हात जोडले, डोळे उघडले आणि भावाकडं बघून हसलो.

"चल खाली," तो म्हणाला.

चालता माग थांबवायचा असेल तर त्याचा स्वतःचा दांडा ओढावा लागतो, धोटा कडेच्या पेटीत शिरल्यावर. हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मेन ओढला की धोटा जिथं असेल तिथं राहतो. तो मधोमध राहिला आणि आडवा धागा ठोकून बसवणारी फणी येऊन त्याच्यावर आदळली, की कापडाचे उभे धागे झुपक्यानं तुटतात. लाइट गेली की हेच होतं, आणि मग सगळी गल्ली लाइटवाल्यांच्या आईबापांचा उद्धार करते. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी त्याच कारखान्यात वाढलो होतो.

दोन मागांवर धोटा अडकला होता. चारेकशे धागे तुटून लोंबत होते. अण्णाचे कामगार भिंतीला टेकून उभे होते आणि माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या मागोमाग पद्मा आणि रेवती उतरून आल्या होत्या.

"दुपारी गाडी येणार हाय माल न्यायला," अण्णा म्हणाला. "काय सांगू त्याला? माझा भाऊ साधू झाला म्हणून सांगू?"

"सांग काय सांगायचं ते. मी तीनदा विचारलं होतं तुला."

त्यानं माझ्या थोबाडीत मारली. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला, कामगारांसमोर, बायकोमुलीसमोर. माझ्या कानात सूं झालं आणि तो जुना जाळ छातीतून वर आला. शेजारच्या पेटीवर लोखंडी पाना पडला होता, तो मला स्वच्छ दिसला. रेवतीलाही तो दिसला असावा, कारण ती दोन पावलं मागं सरकून खांबाआड गेली.

मी पाना उचलला नाही. दीर्घ श्वास घेतला, सोडला. गुरुजींनी सांगितलं होतं तसं शरीराकडं बघितलं. मग अण्णाला म्हणालो, "मार. मी रागावलेलो नाही. माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही."

मला वाटलं आता पद्मा माझ्याकडं अभिमानानं बघेल. पाच महिने ज्याच्यासाठी घालवले तो क्षण हाच होता. हात उचलला नाही, काही फेकलं नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. मी तिच्याकडं बघितलं.

ती अण्णाच्या मागाजवळ खाली बसली होती आणि तुटलेले धागे बोटांवर घेऊन सारखे करत होती. मान वर न करता म्हणाली, "रागवा की. रागवा एकदाचे."

"काय?"

"रागवा म्हणते मी. आधी तुमचा राग यायचा आणि जायचा. तासाभरानं का हुईना, घरात हसाय यायचं. आता तुमचं हे रोज दोनदा येतंय." तिनं पहिली गाठ मारली, दातानं टोक तोडलं. "आधी तुम्ही वरडायचा, आम्ही गप्प. आता तुम्ही डोळे मिटताय, आम्ही गप्पच. आम्हाला काय फरक पडला ते सांगा."

"मी घरासाठी करतोय हे सगळं. तूच म्हणालीस."

"पोरगी घरात बोटांनी बोलतीया," पद्मा म्हणाली. आता तिचा आवाज चढला. एकोणीस वर्षांच्या संसारात मी तो आवाज ऐकला नव्हता. "कारखान्यात आवाज असतो म्हणून माणसं बोटांनी बोलतात. आमच्या घरात काय आवाज हाय? सोळा वर्षांची पोर, बापाच्या शांतीला भिऊन जिभेला कुलूप लावून बसलीया, आणि तुम्ही डोळ्याच्या फटीतनं बघून खूश होताय. मी बघितलंय तुम्हाला बघताना."

अण्णा म्हणाला, "पद्मा, जाऊ दे. धागे मी बघतो."

"तुम्ही नका बघू, अण्णा. हे माझ्या घरानं तोडलेत." मग ती माझ्याकडं वळली. "पोरीला लागलं तेव्हा म्हणालात, धोटा हातातनं सुटला. मी मानलं. रागात माणसाला भान नसतं. आज काय सुटलं? घड्याळ बघितलंत, जिना उतरलात, मेन वडलात, वर येऊन परत मांडी घातलीत. भावाचे धागे तुटताना तुमचं मन लागलं. रागात केलं असतंत तर बरं झालं असतं की हो."

मला तेव्हा जो राग आला तसा आयुष्यात आला नव्हता. धोटा फेकला त्या दिवशीही नाही. कारण ती खोटं बोलत नव्हती.

"हे सांधून झालं की मी रबकवीला जाणार," ती म्हणाली.

"का? मी हात उचलला नाही. काही फेकलं नाही. अट मोडलेली नाही मी."

"अट मी घातली होती. मोडली का न्हाई ते मी ठरवणार."

अण्णानं माझ्या बाजूला जाऊन मेन वर केला. त्याचे चांगले सहा माग सुरू झाले आणि बोलणंच संपलं. मी तिच्या शेजारी बसलो आणि धागे हातात घेतले. तुटलेलं टोक शोधायचं, त्याचं जोडीचं टोक शोधायचं, नवा तुकडा जोडून फणीच्या दातातून ओढून घ्यायचा, गाठ मारायची. पद्मा दहा गाठी मारायची तेव्हा माझी एक व्हायची, आणि ती कधी निसटायची. मला काहीतरी बोलायचं होतं. त्या खडखडाटात तोंड उघडून उपयोग नव्हता, आणि आमच्या खुणांमध्ये चुकलो म्हणायची खूण नाही. कारखान्यात कुणाला तिची गरज पडलेली नाही. मी गाठी मारत राहिलो आणि आतून जळत राहिलो, तिच्यावर, अण्णावर, गुरुजींवर, त्या फणीवर. एक वाजता शेवटचा धागा लागला. पद्मानं हात धुतले, पिशवी भरली, आणि दोनच्या गाडीनं मायलेकी गेल्या.

त्या संध्याकाळी मी वेळेवर बसलो. घर रिकामं होतं. कुकर नाही, मिक्सर नाही, पावलांचा आवाज नाही. पाच महिने ज्या शांततेसाठी भांडलो ती फुकट मिळाली होती, आणि मला दहा मिनिटंसुद्धा बसवलं नाही. उठलो, आसनाची गुंडाळी केली आणि कपाटावर टाकली. दुसऱ्या दिवशी खाडा, तिसऱ्या दिवशी खाडा. चौथ्या दिवशी एका कामगारावर असा ओरडलो की तो घरी निघून गेला. अण्णा भिंतीपलीकडून सगळं ऐकत होता. जेवणाचा डबा तो रोज पाठवत होता, पण बोलत नव्हता.

नवव्या दिवशी रबकवीला गेलो. पद्मा माहेरच्या ओसरीवर शेंगा फोडत होती. तिनं मला पाणी दिलं. बराच वेळ आम्ही दोघंही शेंगा फोडत राहिलो.

"ध्यान करताय?" तिनं विचारलं.

"सोडलं." मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

"सोडू नका."

"तूच म्हणालीस ना, तुम्हाला त्रास झाला म्हणून?"

"सोडलंत की आधीचा माणूस परत येणार. तो मला नको." तिनं टरफलं बाजूला सारली. "आणि पाच महिन्यांतला साधू पण नको. तिसरा कोण असला तर बघा."

"म्हणजे मी करू काय?"

"बसा की. रोज बसा. पण स्वयंपाकघरात बसा, आमच्यात. आम्ही गप्प बसणार न्हाई. भांडी वाजतील, पोरगी वाचंल, अण्णांचे माग चालतील. तुमचे पण चालू ठेवा. तुमच्या मनाचं तुम्ही बघा, आमच्या तोंडाचं आम्ही बघतो."

"त्या गोंधळात काय ध्यान होणार?"

"मला काय ठावं. गुरुजींना विचारा."

मी चिडूनच हो म्हणालो. येताना गाडीत तासभर खिडकीबाहेर बघत बसलो. बाईमाणसानं मला ध्यान शिकवावं, आणि तेसुद्धा कधी एक दिवस डोळे न मिटलेल्या बाईनं, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. आल्यावर अण्णाकडं गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण तोंडून निघालं, "मेन तुझ्या बाजूला घे." तो म्हणाला, "घेणारच होतो." त्यावर आम्ही चहा प्यायलो.

आता लोक मला विचारतात, बारा वर्षं रोज कसं जमतं, आमचं तर आठ दिवसांत सुटतं. कुणी ॲप घेतं, कुणी वेगळी खोली करतं, कुणी घरच्यांना ताकीद देतं. मी त्यांना काही सांगत नाही. सांगायचं झालं तर मला त्या पहिल्या सकाळचं सांगावं लागेल.

मायलेकी परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी बसलो. खाली सोळाच्या सोळा माग चालू. पद्मानं फोडणी टाकली आणि मला ठसका लागला. रेवती कोपऱ्यात बसून इतिहासाचा धडा मोठ्यानं म्हणू लागली, सुरुवातीला दबकत, मग सवयीप्रमाणं खणखणीत, एकच ओळ सात-सात वेळा. तिच्या सातव्या वेळेला माझे दात आवळले गेले. श्वास कुठं आहे तेच सापडेना. तेवढ्यात रेवती पाणी प्यायला उठली आणि तिचा धक्का लागून स्टीलचं मोठं ताट फडताळावरून सुटलं. ते माझ्या गुडघ्याशेजारी आदळलं आणि फरशीवर गरगरत राहिलं, थांबता थांबेना.

रेवतीचं वाचन तुटलं. पद्माचा उलथणं फिरवणारा हात थांबलेला कळला. दोघी माझ्याकडं बघत असणार. माझ्या मुठी वळल्या होत्या, नाकपुड्या फुगल्या होत्या, डोळे इतके घट्ट मिटले होते की कपाळ दुखत होतं. ताट अजून गरगरत होतं.

मग रेवतीच्या नाकातून फुस्स असा आवाज आला. तिनं तो दाबला, पण तो परत आला. पद्मा म्हणाली, "गप ग, वाकडं करून बसलेत तोंड, बघ," आणि तिलाही राहवलं नाही. दोघी हसायला लागल्या, तोंडावर पदर नाही, हात नाही, मोकळ्यानं, माझं तोंड बघून माझ्याच समोर. त्या घरात असं हसणं मी कधी ऐकलं होतं ते मला आठवेना.

मला राग आला होता. लई राग आला होता. पण मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर त्या थांबल्या असत्या.